डोंगरात हरवलेला, पावसात भिजलेला फोन सापडला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या सुमाराला सह्याद्रीतलं कमरेएवढं गवत पिवळं पडून आडवं होतं, ओढे उतरतात आणि जून-जुलैत गायब झालेल्या वस्तू दिसायला लागतात. कुणाचा फोन, कुणाचा गोप्रो (छोटा ॲक्शन कॅमेरा), कुणाच्या गाडीची रिमोटवाली चावी. मग ट्रेकवाल्यांच्या ग्रुपांवर तेच ते प्रश्न फिरू लागतात. अर्धे हरवलेल्यांचे, अर्धे सापडलेल्यांचे. ते इथे एकत्र केले आहेत. ओला फोन या क्षणी हातात असेल तर थेट प्रश्न ५ वाचा आणि तोवर चार्जरला हात लावू नका.

१. महिनोन्‌महिने उघड्यावर पडलेला फोन किंवा कॅमेरा खरंच चालू होतो का?

होतो. सप्टेंबर २०१५ मध्ये जपानच्या इशिगाकी बेटाजवळ डायव्हिंग करताना एका विद्यार्थिनीचा कॅनन कॅमेरा हरवला. मार्च २०१८ मध्ये तो तैवानच्या किनाऱ्यावर सफाई करणाऱ्या शाळकरी मुलांना मिळाला. वॉटरप्रूफ केसवर शंख-शिंपल्यांचा जाड थर, आत मात्र कोरडं, आणि बटण दाबल्यावर कॅमेरा चालू. दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. जून २०१३ मध्ये काही विद्यार्थ्यांनी फुग्याला बांधून गोप्रो आणि फोन आकाशात सोडले, ते ॲरिझोनाच्या वाळवंटात पडले आणि दोन वर्षांनी एका डोंगरभटक्या व्यक्तीला मिळाले. सिमकार्डावरून मालक सापडला, चित्रीकरणही शाबूत होतं.

पण एक कॅमेरा बंद केसमध्ये होता आणि दुसरा कोरड्या वाळवंटात. आपल्या घाटात चार महिने धो धो पाऊस आणि नंतर ऑक्टोबरचं ऊन, म्हणजे वस्तूंची परीक्षा जास्त कडक. इथे सापडणाऱ्या फोनांच्या बाबतीत माझा अंदाज साधारण असा असतो: बॅटरी गेलेली, स्क्रीनचं काही सांगता येत नाही, बोर्डाला (आतल्या मुख्य सर्किटला) निम्मी आशा, मेमरी कार्डाला बरीच.

खरा शत्रू आहे पाणी आणि वीज यांची जोडी. बोर्डावर ओल असताना बॅटरीतून वीज येत राहिली तर तांबं विरघळतं, हिरवट क्षार धरतात आणि बारीक जोडण्या तुटतात. बॅटरी संपली की ही झीज बरीच मंदावते. त्यामुळे पाण्यात पडताक्षणी बंद पडलेल्या फोनची शक्यता कधीकधी तासभर गचके खात चालू राहिलेल्या फोनपेक्षा चांगली असते.

२. माझा फोन आयपी६८ आहे. मग पावसाची काळजी कशाला?

आयपी६८ हा धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा. त्यातला पहिला ६ धुळीचा आणि दुसरा ८ पाण्याचा. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्यापेक्षा कडक चाचणी, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनी स्वतः ठरवते. ही चाचणी नव्या कोऱ्या फोनवर, स्वच्छ आणि स्थिर पाण्यात होते. धबधब्याखालचा मारा, समुद्राचं खारं पाणी, दोन वर्षं वापरून सैल झालेलं रबर, एकदा दुकानात उघडून पुन्हा चिकटवलेली स्क्रीन, यातलं काहीच त्या आकड्यात धरलेलं नसतं. आयपी६८ असूनही आत पाणी गेलं तर सहसा वॉरंटी मिळत नाही. सिमच्या खाचेत बहुतेक फोनांना एक पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की तो लाल होतो. सर्व्हिस सेंटरवाला आधी तोच बघतो.

३. फोन आत्ताच हरवलाय, आम्ही अजून डोंगरावरच आहोत. काय करू?

आधी सगळ्यांना थांबवा. दहाजण दहा दिशांना गेले की फोन गवतात तुडवला जातो. मग सोबत्यांच्या फोनमधले फोटो काढून बघा: तुमच्या हातात, खिशात किंवा सॅकच्या पट्ट्यात फोन शेवटचा कधी दिसतो? त्या वेळेपासून आत्तापर्यंतचा पट्टाच शोधायचा. बसलात कुठे, रॉक पॅचला (कातळाच्या चढणीला) वाकलात कुठे, रेनकोट काढलात कुठे, हे आठवा. बहुतेक फोन अशाच जागी पडतात, सरळ वाटेवर क्वचित.

नेटवर्क असेल तर रिंग द्या. फोन सायलेंटवर असला तरी गुगलच्या ‘फाइंड हब’मधून किंवा आयफोनच्या ‘फाइंड माय’मधून वाजवता येतो. नेटवर्क नसेल तर दोन युक्त्या आहेत. स्मार्टवॉच असेल तर त्यातलं ‘फोन शोधा’ ब्लूटूथवर चालतं, इंटरनेट लागत नाही. आणि तुमच्या फोनने मित्राचा हॉटस्पॉट आधी कधी जोडलेला असेल, तर मित्राच्या फोनला जिथे डेटा मिळतो तिथे हॉटस्पॉट चालू करून हळूहळू चालत राहा. हरवलेला फोन आपोआप जोडला गेला की त्याला वाजण्याचा आदेश पोचतो. दुसरी युक्ती फार कमी लोकांना माहीत असते आणि खिंडीत तीच कामाला येते.

अंधार पडायच्या आत उतरायला लागा. फोन सकाळीही तिथेच असेल.

४. नकाशावर ठिकाण दिसतंय, पण तिथे गेलो तर काहीच नाही. असं का?

कारणं अनेक आहेत. ते ठिकाण ‘आत्ताचं’ आहे की ‘शेवटचं माहीत असलेलं’, ते आधी बघा, खाली वेळ लिहिलेली असते. ठिपक्याभोवती मोठं वर्तुळ असेल तर ते ठिकाण टॉवरवरून काढलेलं असू शकतं, आणि घाटात अशी चूक किलोमीटरमध्ये जाते. अरुंद घळीत, उदाहरणार्थ सांधण दरीत, उपग्रहाचा संदेश कातळांवरून आपटून येतो आणि ठिपका भलतीकडेच बसतो.

पण लोकांना सगळ्यात जास्त फसवते ती उंची. नकाशा सपाट असतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ठिपका दहा मीटर बाजूला सरकला, तर फोन कड्यावर आहे की कड्याखालच्या रानात, हे नकाशा सांगणार नाही. अशा वेळी ठिपक्याच्या मागे कडेला जाऊ नका.

फोनला नेटवर्क नसेल तर आसपासच्या इतरांच्या फोनांनी त्याचा ब्लूटूथ टिपला तरच ठिकाण ताजं होतं. रविवारी राजगडावर शेकडो फोन फिरत असतात, मंगळवारी चिटपाखरू नसतं. त्यामुळे शनिवार-रविवारी दुपारी नकाशा पुन्हा उघडून बघा. फोनाची बॅटरी दोन-तीन दिवसांत संपते, पण सॅकला एअरटॅगसारखा ठिकाण सांगणारा टॅग असेल तर तो नाण्याएवढ्या सेलवर साधारण वर्षभर चालतो. अँड्रॉइडमध्ये इतरांच्या फोनांच्या या जाळ्याचं मूळ सेटिंग ‘फक्त गर्दीच्या ठिकाणी’ असं असतं, म्हणजे रानात एखाद-दुसऱ्या फोनने टिपलेलं ठिकाण तुमच्यापर्यंत येईलच असं नाही. ‘सर्व ठिकाणी’ हा पर्याय ट्रेकच्या आधीच निवडावा लागतो, आणि तो तुमच्या सोबत्यांनीही निवडलेला बरा.

५. ओला, चिखलाने माखलेला फोन सापडला. पहिली गोष्ट काय करू?

चालू असेल तर बंद करा. बंद असेल तर ‘चालतोय का बघू’ म्हणून बटण दाबू नका. पॉवर बँक लावू नका. फोन सापडल्याच्या आनंदात माणूस हेच करतो आणि चार महिने तगलेला बोर्ड चार सेकंदांत जातो.

कव्हर काढा, सिमचा ट्रे बाहेर काढा. बाहेरचा चिखल ओल्या मऊ फडक्याने पुसा. चार्जिंग पोर्टात लाल माती घट्ट बसलेली असते, ती टाचणीने उकरू नका. घरी गेल्यावर लाकडी टूथपिकने किंवा मऊ ब्रशने, पोर्ट खाली धरून, हलक्या हाताने काढा. स्पीकरच्या जाळीतून मुंग्या बाहेर येताना बघून दचकू नका, पडून राहिलेल्या फोनांत हे नेहमीचंच. पोर्ट खाली करून तळहातावर हळूच आपटा, पाणी असेल तर थेंब पडतात. मग पंख्यासमोर, सावलीत, उभा ठेवा.

किती वेळ? कालच भिजला असेल तर निदान एक-दोन दिवस. पावसाळाभर बाहेर होता, तर नुसतं वाळवून भागत नाही. पाणी जातं, पण पाण्यातले क्षार आणि माती बोर्डावरच राहतात. असा फोन उघडून साफ करून घ्यावा आणि मगच वीज दाखवावी, त्यासाठी प्रश्न ९ बघा. हेअर ड्रायर, ओव्हन, तवा, कारचा डॅशबोर्ड यांच्या नादी लागू नका. उष्णतेने गोंद सुटतो आणि बॅटरी बिघडते.

६. तांदळाच्या डब्यात ठेवला तर?

तांदळाचा भात करा. उघड्या हवेपेक्षा तांदूळ पाणी जास्त वेगाने ओढतो असं नाही, आणि त्याची पिठी पोर्टात जाऊन बसते. ॲपलने आपल्या मदतपानावर आयफोन तांदळात ठेवू नका असं स्पष्ट लिहिलं आहे. सिलिका जेलच्या पुड्या असतील तर हरकत नाही, पण पंखा पुरतो.

७. तारकर्लीला फोन समुद्रात पडला आणि ओहोटीला वाळूत सापडला. तेच सगळं करायचं?

एक पायरी जास्त. खारं पाणी वीज कितीतरी जास्त वाहून नेतं, आणि वाळल्यावर मीठ मागे राहतं, ते हवेतली ओल पुन्हा पुन्हा खेचतं. म्हणून इथे फोन वाळवायच्या आधी गोड्या पाण्याने धुवायचा. ऐकायला उलटं वाटतं, पण फोन बंद असताना हलक्या धारेखाली धरून मीठ आणि वाळू घालवणं, मग प्रश्न ५ प्रमाणे वाळवणं, हाच क्रम बरोबर आहे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दुकानात न्या. मीठ आठवडाभर थांबत नाही.

८. बॅटरी फुगलीय की नाही हे कसं ओळखायचं?

फोन सपाट टेबलावर पाठीवर ठेवा. डुगडुगत असेल, मागचं कव्हर फुगून वर आलं असेल किंवा स्क्रीन एका कडेने उचलली गेली असेल, तर बॅटरी फुगली आहे. गोडसर, रसायनासारखा वास हीसुद्धा खूण. असा फोन चार्ज करायचा नाही, दाबायचा नाही, उघडायचा नाही. पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूवर ठेवा, डबा घराबाहेर, आणि डब्याचं झाकण घट्ट लावू नका. दुकानदाराला आधी फोन करून सांगा की बॅटरी फुगलेली आहे. कचरापेटीत टाकू नका, घंटागाडीत दाबली गेली तर ती पेट घेते. ई-कचरा घेणारं केंद्र बहुतेक शहरांत असतं.

९. पूर्ण वाळवला, चार्जरला लावला, काहीच होत नाही. मेला का?

इतक्यात नाही. बरेच महिने पडून राहिलेली लिथियम बॅटरी इतकी खाली जाते की तिच्यातलं संरक्षक सर्किट तिला तोडून टाकतं. मग चार्जर लावूनही स्क्रीन काळीच राहते. फोन कधीच भिजला नसेल, नुसता कोरड्या जागी पडून होता, तर चांगल्या केबलवर तासभर ठेवून बघा, शेजारीच बसून. गरम लागला तर लगेच काढा.

भिजलेला असेल तर घरचे प्रयोग थांबवा आणि बोर्डाचं काम करणारं दुकान शोधा. नुसता डिस्प्ले बदलणारं दुकान उपयोगाचं नाही. विचारायचा प्रश्न एकच: ‘मायक्रोस्कोप आहे का?’ असेल तर काम कसं होतं ते बघण्यासारखं असतं. मागचं काचेचं पान गरम करून सोडवतात. बॅटरीची पट्टी सगळ्यात आधी काढली जाते. मग पत्र्याची बारीक झाकणं उचलली की खाली खरी परिस्थिती दिसते: चार्जिंगच्या आयसीभोवती (चिपभोवती) पिस्त्याच्या रंगाची पूड, कनेक्टरच्या सोन्याच्या दातांपैकी दोन-तीन काळे. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, नाहीतर अल्ट्रासॉनिक टब. पूड गेली की खालचा कपॅसिटर शाबूत आहे की नुसता डाग उरलाय ते कळतं. मग टेबलावरच्या पॉवर सप्लायवर बोर्ड लावून किती ॲम्पिअर घेतोय ते बघतात. बटण न दाबताच बोर्ड भरपूर करंट ओढत असेल तर शॉर्ट आहे.

खर्चाचा अंदाज आधी घ्या आणि ‘फोन वाचवायचा की डेटा?’ हे दुकानदाराला स्पष्ट सांगा. दोन्हीची वाट वेगळी आहे.

१०. फोन गेला तर गेला, फोटो तरी परत मिळतील का?

दुकानात जाण्याआधी कॉम्प्युटरवर तुमचं गुगल फोटोज किंवा आयक्लाउड उघडा. गडाच्या पायथ्याशी नेटवर्क असताना अर्धे फोटो कधीच वर गेलेले असतात, लोकांना ते माहीतच नसतं.

ते नसेल तर नीट समजून घ्या. आजकालच्या फोनांत साठवण एन्क्रिप्टेड (किल्लीशिवाय वाचता न येणारी) असते, आयफोनमध्ये आणि अँड्रॉइड १० नंतरच्या नव्या फोनांमध्येही. मेमरीची चिप सोडवून दुसऱ्या यंत्रावर वाचली तर हाती निरर्थक आकडे येतात, कारण किल्ली त्याच बोर्डाच्या प्रोसेसरमध्ये आणि तुमच्या पासकोडमध्ये असते. ‘चिप काढून डेटा देतो’ असं कुणी नव्या फोनाबद्दल म्हणालं तर पैसे देऊ नका. बोर्ड थोडा वेळ का होईना जिवंत करावा लागतो, स्क्रीन जोडून पासकोड टाकायचा आणि तेवढ्यात बॅकअप घ्यायचा. तो तासभर चालला तरी काम झालं.

जुन्या फोनात वेगळं मेमरी कार्ड असेल आणि ते कार्ड एन्क्रिप्ट केलेलं नसेल, तर गोष्ट सोपी. ते पुढच्या प्रश्नात.

११. गोप्रो, कॅमेरा, ड्रोन, इअरबड्स, गाडीची चावी: यांचं वेगळं काही?

मायक्रोएसडी कार्ड हा या सगळ्यातला चिवट प्राणी. ते एकसंध ओतलेलं असतं, आत पोकळी नाही, संपर्काच्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा. ओढ्यातून काढलेलं कार्ड साध्या पाण्याने धुवा, पट्ट्या अल्कोहोलने पुसा, वाळवा, रीडरमध्ये घाला. कॉम्प्युटरने ‘फॉरमॅट करू का?’ विचारलं तर नको म्हणा. आधी सगळ्याची प्रत काढा, दुरुस्ती प्रतीवर करा. शेवटची क्लिप उघडत नसेल तर घाबरू नका: रेकॉर्डिंग चालू असतानाच वीज गेली की फाइलचा शेवटचा निर्देशांक लिहायचा राहतो. प्रत काढून झाल्यावर तेच कार्ड त्याच मॉडेलच्या गोप्रोत घातलं तर कॅमेरा बऱ्याचदा स्वतःच ती फाइल दुरुस्त करतो.

ड्रोनच्या ॲपमध्ये उड्डाणाची नोंद असते, तिच्यातलं शेवटचं अक्षांश-रेखांश घ्या. पडून राहिलेल्या ड्रोनची बॅटरी वरून चांगली दिसली तरी पुन्हा वापरू नका, आपटलेल्या लिथियम सेलचा भरवसा नसतो. भीमाशंकर किंवा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात पडला असेल तर वनखात्याला काय उत्तर द्यायचं तेही ठरवून जा.

इअरबड्स डबीत असताना सहसा संदेश सोडत नाहीत, त्यामुळे ब्लूटूथने सापडतात ते डबीबाहेर पडलेलेच.

गाडीच्या चावीचं रिमोट बटण मेलं तरी गाडी सुरू होऊ शकते. आतल्या इमोबिलायझरच्या (चोरीपासून गाडी रोखणाऱ्या कुलपाच्या) चिपला बॅटरी लागतच नाही, इग्निशनजवळच्या कॉइलमधून तिला वीज मिळते. बटणसेल काढा, धुवा, वाळवा, नवा सेल घाला. नवी चावी करायला निघण्याआधी एवढं करून बघा.

१२. मला वाटेत कुणाचा तरी फोन सापडलाय. मालकाला कसा शोधू?

उचलण्याआधी त्या जागेचा फोटो काढा आणि ठिकाण आपल्या फोनवर नोंदवा. मालकाला पुढे विम्यासाठी किंवा पोलिसांत ते लागू शकतं.

फोन कोरडा आणि चालू असेल तर बंद करू नका, कुणीतरी रिंग देत असेल. लॉक स्क्रीनवर ‘इमर्जन्सी’ दाबलं की अनेकांनी घरच्यांचे नंबर ठेवलेले असतात. पासकोडचे अंदाज मारत बसू नका, काही चुकांनंतर फोन स्वतःला बंद करून घेतो. सिम आपल्या फोनमध्ये घालून संपर्क चाळणं टाळा, त्या नंबरवर बँकेचे ओटीपी येतात आणि उद्या काही घडलं तर बोट तुमच्याकडे जाईल.

कॅमेरा असेल तर मालक ओळखण्यापुरतेच फोटो बघा: गाडीचा नंबर, टी-शर्टवरचं ग्रुपचं नाव, बसच्या काचेवरची पाटी. तैवानच्या मुलांच्या कॅमेऱ्याचा मालकही (प्रश्न १) फोटोंवरूनच सापडला. सगळ्यात भरवशाची जागा मात्र पायथ्याचं गाव. ज्या घरी ट्रेकवाले जेवतात तिथल्या मावशींकडे आपला नंबर ठेवा. हरवलेला माणूस परत आला की पहिला तिथेच विचारतो.

१३. फोनाच्या आसपास सॅक, चप्पल, कपडेही पडलेत. उचलू का?

नाही. कशालाच हात लावू नका. ११२ ला फोन करा, ठिकाण सांगा, लांबून फोटो काढा आणि गावच्या पोलीस पाटलांना कळवा. कुणीतरी बेपत्ता असू शकतं, आणि वस्तू ज्या जागी आहेत ती जागाच शोधपथकाला दिशा दाखवते. नेटवर्क नसेल तर एकाने खाली जावं, बाकीच्यांनी कड्यापासून लांब थांबावं.

१४. पोलिसांत द्यायलाच हवा का? रानात पडलेला होता, ठेवून घेतला तर काय बिघडलं?

परत देण्यासाठी किंवा सांभाळण्यासाठी उचलला तर गुन्हा नाही. मालक कोण ते माहीत असताना, किंवा शोधायचा वाजवी प्रयत्न न करता स्वतःचा म्हणून वापरला किंवा विकला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली तो अप्रामाणिक अपहार होतो. शिक्षा किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं, शिवाय दंड. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७१ सापडलेल्या वस्तूची जबाबदारी सापडणाऱ्यावर टाकतं, म्हणजे दुसऱ्याने सांभाळायला दिलेली वस्तू जशी जपावी तशी ती जपायची.

व्यवहारात, दोन-चार दिवसांत मालक मिळाला नाही तर ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत सापडला तिथे देऊन पोच घ्या. पोच नक्की घ्या.

१५. बक्षीस मागता येतं का?

मालकाने बक्षीस जाहीर केलं असेल तर हक्काने, त्याच करार कायद्याचं कलम १६८ तसं सांगतं. जाहीर केलं नसेल तर तुमच्या श्रमांबद्दल मालकावर दावा लावता येत नाही. पण देणाऱ्याने निदान एसटीचं भाडं आणि चहा तरी द्यावा, एवढं आपण म्हणू शकतो.

१६. डोंगरात पडलाय, चोरी नाही. लगेच सिम आणि फोन ब्लॉक करू की थांबू?

इथे खरी ओढाताण आहे. सिम बंद केलं की फोनला डेटा मिळत नाही, मग रिंग नाही आणि ठिकाणही नाही. पण कुणाच्या हाती लागला तर यूपीआय आणि ओटीपीची भीती. माझा सल्ला असा: खाली उतरताच ‘लॉस्ट मोड’ किंवा ‘सुरक्षित करा’ लावा, त्याने फोन कुलूपबंद होतो आणि स्क्रीनवर तुमचा दुसरा नंबर दिसतो. बँकेला फोन करून यूपीआय आणि मोबाइल बँकिंग थांबवा. सिम मात्र चालू ठेवा, बॅटरी टिकेल असं वाटतं तेवढाच काळ, म्हणजे एक-दोन दिवस. फोन कुलूपबंदच नव्हता, तर हा हिशोब सोडा आणि सिम त्याच संध्याकाळी बंद करा. पैसे गेल्याचं दिसलं तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० वर फोन करा.

त्यानंतर पोलिसांत हरवल्याची नोंद करा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या सीईआयआर या फोनांच्या नोंदवहीत फोन ब्लॉक करा. त्याला पोलिसांच्या नोंदीची प्रत, ओळखपत्र आणि आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) लागतो, बिल असेल तर जोडा. ओटीपीसाठी चालू नंबर हवा, म्हणून आधी डुप्लिकेट सिम काढा. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, ते धरून चला. आयएमईआय फोनच्या खोक्यावर, बिलावर किंवा तुमच्या गुगल खात्यात मिळतो. फोन हातात असताना *#०६# दाबून तो लिहून ठेवलेला असेल तर काम पाच मिनिटांचं.

१७. ब्लॉक केलेला माझाच फोन आता सापडला. वाय-फाय चालतं, पण सिमला नेटवर्कच नाही. पाण्याने बिघडला का?

बहुधा नाही. सीईआयआरने ब्लॉक केलेला आयएमईआय देशातली कोणतीच कंपनी स्वीकारत नाही. आधी पोलिसांना फोन मिळाल्याचं कळवा, मग त्याच पोर्टलवर ब्लॉक करताना मिळालेला रिक्वेस्ट आयडी टाकून अनब्लॉकची विनंती करा. तरीही नेटवर्क आलं नाही तर मग अँटेनाच्या जोडणीवर संशय घ्या.

१८. फोन कड्याखाली झाडीत चमकताना दिसतोय. दोर लावून उतरू का?

उतरू नका. बचावपथकांना बोलावू नका, ती माणसांसाठी आहेत आणि तिथले लोक स्वतःची कामं टाकून येतात. कड्याखालच्या वाटेने त्या जागी पोचता येतं का, ते गावातल्या वाटाड्याला विचारा. गुराख्यांना अशा जागा माहीत असतात.

उंचीवरून पडला म्हणून आशा सोडायचं कारण नाही. ५ जानेवारी २०२४ ला अमेरिकेत पोर्टलंडहून उडालेल्या विमानाचा एक दरवाजासारखा भाग सुमारे १६,००० फुटांवर उडून गेला. त्यातून बाहेर पडलेला एक आयफोन रस्त्याकडेच्या झुडपाखाली सापडला, चालू, निम्मी बॅटरी शिल्लक. हवेच्या रोधामुळे पडणाऱ्या वस्तूचा वेग एका मर्यादेनंतर वाढत नाही. पुढचं सगळं तो कशावर पडतो यावर. कारवीच्या जाळीवर पडला तर नशीब, कातळावर पडला तर कार्ड तरी.

गडावर फोन दगडांच्या खाचेत गेला असेल तर तटाचे, पायऱ्यांचे दगड हलवू नका, खणू नका. रायगड, लोहगड यांसारखे गड संरक्षित स्मारकं आहेत. काठीला चिकटपट्टी लावून निघतो का बघा.

१९. सापडलेला फोन चालू झाला, आता रोज वापरू का?

आधी बॅकअप, मग बाकी सगळं. क्षाराची झीज साफ केल्यानंतरही कुठेतरी आयसीखाली चालू असू शकते, असे फोन महिन्याभराने एका सकाळी उठत नाहीत. पाण्यापासूनचं संरक्षण गेलं असं धरा. रात्री उशाशी चार्जिंगला लावू नका आणि बॅटरी नवी घाला. बँकेचे व्यवहार दुसऱ्या फोनवर ठेवलेले बरे.

२०. दुकानदार म्हणतो, ‘सापडलेला आहे ना, लॉक तोडून देतो.’ चालेल का?

चालणार नाही, कारणासाठी प्रश्न १४ बघा. शिवाय आयफोनचं ॲक्टिव्हेशन लॉक आणि अँड्रॉइडचं रीसेटनंतरचं खाते-कुलूप मालकाच्या पासवर्डशिवाय उघडत नाही. जे उघडतात ते बहुतेकदा बोर्ड किंवा आयएमईआयशी छेडछाड करतात, आणि तो वेगळाच गुन्हा. उलट बाजूने, जुना फोन विकत घेताना केवायएम लिहून पुढे आयएमईआय टाकून १४४२२ वर एसएमएस करा, ब्लॉक केलेला असेल तर कळतं.

२१. विम्याचे पैसे मिळाले, आणि आता फोन सापडला. ठेवू शकतो का?

कंपनीला कळवा. पूर्ण भरपाई दिल्यावर त्या वस्तूवरचा हक्क साधारणपणे विमा कंपनीकडे जातो. ती फोन मागेल किंवा ‘ठेवा’ म्हणेल, जे काही असेल ते लेखी घ्या. फोटो काढून घेण्याची परवानगी मागितली तर सहसा अडवत नाहीत. आणखी एक: बऱ्याच पॉलिशांत चोरी आणि अपघाती नुकसान असतं, नुसतं ‘हरवलं’ नसतं. दावा चोरीचा केला आणि फोन गवतात सापडला, तर आधी पोलिसांकडचा जबाब दुरुस्त करावा लागेल.

२२. ग्रुपवर फोटो टाकला तर दोघांनी ‘माझा आहे’ म्हटलं. कुणाला देऊ?

फोटो टाकताना मॉडेल, रंग, कव्हर आणि जागा यांतली एक गोष्ट मुद्दाम सांगायची नसते, ती याचसाठी. विचारताना ती विचारा. फोन चालू असेल तर तुमच्यासमोर उघडायला सांगा. बंद असेल तर बिल किंवा खोका आणा म्हणा आणि सिमच्या ट्रेवर किंवा पाठीवर आयएमईआय छापलेला असेल तर जुळवा. तसा छापलेला नसेल आणि दोघांकडे बिलं असतील, तर फोन पोलीस ठाण्यात जमा करा आणि दोघांनाही तिथला पत्ता द्या. खोटा दावेदार सहसा तिथवर येत नाही.